पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

रांगते मूल एके दिवशी भिंतीला धरून उभे राहते आणि साऱ्या घराला आनंद होतो. दोन पावले टाकताच ते पडते, रडते, पुन्हा उठते आणि पुन्हा पडते. त्या पडण्याचे कोणास फारसे भय वाटत नाही. मुलाची उंची ती केवढी, आणि त्याची हाडे किती लवचीक! पडत पडतच ते चालावयास शिकते. परंतु त्याच घरातील आजोबा न्हाणीघराच्या दाराशी घसरून पडले, तर सर्वांच्या काळजात धस्स होते. लहान मुलाचे पडणे हा त्याच्या चालण्याचा आरंभ असतो. वृद्ध माणसाचे पडणे हा कधी कधी त्याच्या चालण्याचा शेवट ठरतो.

असा अपघात घडला की, भेटावयास येणारी माणसे हळहळतात आणि म्हणतात, "वय झाले, आता असे व्हावयाचेच." कोणी 'पिकले पान' म्हणून सुस्कारा टाकतात. या बोलण्यात सहानुभूती असते, पण ते बोलणे खरे मात्र नसते. पिकलेले पान देठातून सुटते, त्यावर कोणाचाही इलाज चालत नाही. माणसाच्या पडण्याला कारणे असतात. ती शोधता येतात आणि त्यांतील बरीचशी दूरही करता येतात. हे शोधाचे काम केवळ डॉक्टरांचे नाही. घरातील मुलामुलींची तीक्ष्ण नजरही या कामी फार उपयोगी पडते.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. २०११ च्या जनगणनेत भारतामध्ये साठ व त्याहून अधिक वर्षे वयाचे सुमारे १० कोटी ३८ लाख लोक आढळले आणि त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पासष्ट वर्षांवरील दर १०० माणसांपैकी २८ ते ३५ माणसे वर्षातून एकदा तरी पडतात. याच संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो; आणि या मृत्यूंत साठ वर्षांपुढील माणसांची संख्या सर्वांत अधिक असते.

वृद्ध माणसे का पडतात, हे समजण्यासाठी माणूस मुळात उभा कसा राहतो, हे आधी पाहिले पाहिजे. एखादी लाकडी बाहुली दोन पायांवर उभी करावी आणि तिला बोटाने जरासा धक्का द्यावा. ती तत्काळ आडवी होते. माणूस मात्र गर्दीत धक्के खातो, दगडगोट्यांतून चालतो, डोक्यावर घागर घेऊन चढण चढतो आणि तरीही सहसा पडत नाही. याचे कारण असे की, त्याच्या शरीरातील तीन हेर अहोरात्र मेंदूकडे बातम्या पाठवीत असतात. पहिला हेर म्हणजे डोळे. समोरची वाट कशी आहे आणि शरीर सरळ आहे की कललेले, हे ते सांगतात. दुसरा हेर कानाच्या आत लपलेला असतो. तेथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोके फिरले की त्यांतील द्रव हलतो आणि डोके कोणत्या बाजूला वळले, हे मेंदूला कळते. तिसरा हेर तळपायांत, स्नायूंत आणि सांध्यांत असतो. पायाखाली कातळ आहे की चिखल, घोटा किती वाकला आहे, ही माहिती तो पुरवितो. या सर्व बातम्या जुळवून मेंदू मांडीच्या व पोटरीच्या स्नायूंना क्षणात आज्ञा देतो आणि तोल सावरला जातो.

याची प्रचीती घेणे सोपे आहे. भिंतीजवळ, सपाट जागी, कोणीतरी शेजारी असताना एका पायावर उभे राहावे. डोळे उघडे असताना बराच वेळ असे उभे राहता येते. मग तसेच उभे राहून डोळे मिटावे. थोड्याच वेळात शरीर डोलू लागते, घोटा थरथरतो आणि दुसरा पाय आपोआप खाली टेकतो. तीन हेरांपैकी एकटे डोळे बंद झाले, तर धडधाकट मुलाची अशी अवस्था होते. मग ज्यांचे तिन्ही हेर थकले आहेत, त्यांची काय होत असेल, याची कल्पना सहज करता येईल.

वय वाढते तसे डोळ्यांना अधिक उजेड लागतो. मोतीबिंदू झाला तर पायरीची कडाच दिसेनाशी होते. कानातील यंत्रणा पूर्वीइतकी तीक्ष्ण राहत नाही. तळपायांची संवेदना मंद होते. मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत ती फारच मंद होऊ शकते. मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, आणि मेंदूची आज्ञा पोहोचून पाऊल हलेपर्यंत थोडा अधिक वेळ जातो. काहींना एकदम उठून उभे राहिल्यास भोवळ येते. कारण रक्त पायांकडे उतरते आणि मेंदूकडे क्षणभर कमी पोहोचते. रक्तदाबाच्या व झोपेच्या काही औषधांनीही असे होते. त्यातच हाडे ठिसूळ झालेली असतात. म्हणून तरुणाला केवळ खरचटेल एवढ्या पडण्याने वृद्धाचे हाड मोडते.

तथापि एवढ्यावरून 'म्हातारपण हेच पडण्याचे कारण' असे म्हणणे योग्य होणार नाही. एखादे आजोबा मध्यरात्री लघवीला उठले आहेत, असे समजावे. ते झोपेतून घाईने उठले, म्हणून त्यांना किंचित भोवळ आली. चश्मा कोनाड्यात राहिला होता. दिव्याचे बटण दाराजवळ, म्हणजे अंथरुणापासून दूर होते. सतरंजीची कड दुमडलेली होती आणि वाटेत नातवाचे दप्तर पडले होते. आजोबांचा पाय दप्तरात अडकला आणि ते पडले. यांतील एखादेच कारण असते, तर ते सावरले असते. पाचही कारणे एकत्र आली, म्हणून ते पडले. या गोष्टीत जसे संकट आहे, तशीच आशाही आहे. पाच कारणे जुळून अपघात घडत असेल, तर त्यांतील दोन-तीन दूर केल्यानेही तो टळू शकतो. आजोबांचे वय कोणी कमी करू शकत नाही. पण वाटेतील दप्तर कोणीही उचलू शकतो.

पडण्याचे परिणाम केवळ हाडापुरते राहत नाहीत. खुब्याचे हाड मोडले, तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो आणि उरलीसुरली शक्तीही जाते. परंतु याहूनही फसवी अशी एक इजा असते. ती क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही. ती म्हणजे पुन्हा पडण्याची भीती. एकदा पडलेला माणूस बाहेर जाण्याचे टाळतो. चालणे कमी झाले की पाय दुबळे होतात, पाय दुबळे झाले की तोल अधिक जातो, आणि तोल जाऊ लागला की भीती अधिकच वाढते. असे हे दुष्टचक्र आहे. घरातील माणसांच्या मायेने कधी कधी ते अधिकच वेगाने फिरू लागते.

कोकणातील एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. सत्तरी ओलांडलेल्या आजी श्रावणातल्या एका पहाटे परसात जास्वंदीची फुले काढावयास गेल्या आणि जांभ्याच्या पायरीवरून घसरून पडल्या. मनगटाचे हाड मोडले. काही आठवड्यांनी हात बरा झाला. पण घरच्यांच्या मनातील भीती बरी झाली नाही. मुलगा म्हणाला, "आई, तू आता जागची हलू नकोस." सून म्हणाली, "आई, तुम्ही बसून राहा, पाणी मी आणते." फुले नात आणू लागली, तुळशीला पाणी दुसरेच कोणी घालू लागले. सर्वांचे आजींवर प्रेम होते आणि त्या प्रेमापोटीच त्यांनी आजींची सारी कामे एकेक करून काढून घेतली. दिवाळी आली, तेव्हा आजींना कोणाचा हात धरल्याशिवाय खाटेवरून उठताही येईना.

पुढे एके दिवशी गावातील आरोग्यसेविका घरी आल्या. आजपर्यंत प्रत्येकाने आजींना 'किती लागले?' असे विचारले होते, 'कशा पडलात?' असे कोणी विचारले नव्हते. सेविकाबाईंनी चारच प्रश्न विचारले: कोठे पडलात, केव्हा पडलात, काय करीत असताना पडलात आणि त्या वेळी पायांत काय होते? आजींनी आठवून आठवून उत्तरे दिली. पायरीवर शेवाळ धरले होते. पुरते उजाडले नव्हते. एका हातात फुलांची परडी होती आणि दुसऱ्या हाताने लुगड्याचा घोळ सावरलेला होता, त्यामुळे आधाराला हातच मोकळा नव्हता. पायांत तळ झिजलेल्या रबरी चपला होत्या. या चारही उत्तरांत 'म्हातारपण' हा शब्द एकदाही आला नाही.

मग काय करावयाचे, हे सांगण्याची गरजच उरली नाही. मुलाने पायरी खरखरीत ब्रशाने घासून काढली आणि कडेला बांबूचा भक्कम कठडा बसविला. नातीने परडीऐवजी खांद्याला अडकविण्याची कापडी पिशवी शिवून घेतली. नव्या चपला आल्या. त्या मागून पट्टा असलेल्या आणि तळाला खाचा असलेल्या होत्या. लुगडे घोट्याच्या वर नेसावे आणि उजाडल्यावरच परसात जावे, असे ठरले. सेविकाबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र घरच्यांना नवलाची वाटली. त्या म्हणाल्या, "आजींना बसवून ठेवू नका. त्यांना चालू द्या. रोज भक्कम खुर्चीवरून दहा वेळा उठून पुन्हा बसू द्या." ज्या चालण्यामुळे आजी पडल्या, असे घरच्यांस वाटत होते, तेच चालणे बाई औषध म्हणून सांगत होत्या!

बाईंच्या या सल्ल्यामागे प्रयोगांचा भक्कम आधार आहे. न्यूझीलंड देशाच्या दक्षिण बेटावर ड्यूनेडिन नावाचे शहर आहे. तेथील ओटॅगो विद्यापीठातील संशोधकांनी ऐंशी व त्याहून अधिक वर्षे वयाच्या, आपापल्या घरी राहणाऱ्या २३३ स्त्रियांची निवड केली आणि त्यांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांच्या घरी जाऊन शिकविणाऱ्याने त्यांना पायांची शक्ती व तोल वाढविणारे व्यायाम शिकविले. घोट्याला थोडे वजन बांधून पाय उचलणे, खुर्चीवरून उठणे, एका पावलाच्या टाचेपुढे दुसरे पाऊल टेकवीत सरळ रेषेत चालणे, आधार धरून एका पायावर उभे राहणे, असे ते साधे व्यायाम होते. ते आठवड्यातून तीन वेळा करावयाचे आणि शिवाय फिरावयास जावयाचे. दुसऱ्या गटातील स्त्रियांकडेही माणसे तितक्याच वेळा जात. परंतु ती केवळ विचारपूस करून, गप्पागोष्टी करून परत येत.

एक वर्षानंतर मोजदाद झाली. गप्पागोष्टी करणाऱ्या गटात पडण्याचे १५२ प्रसंग घडले होते. व्यायाम करणाऱ्या गटात ते केवळ ८८ होते. हा प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे हे व्यायाम 'ओटॅगो व्यायाम' या नावाने अनेक देशांत पोहोचले. ऐंशी वर्षांच्या वयातही स्नायूंना बळ येते आणि हरवलेला तोल पुष्कळसा परत मिळविता येतो, हे त्यावरून दिसून आले. मात्र असे व्यायाम आरंभण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि ते करताना हाताशी भक्कम आधार व जवळ कोणीतरी माणूस असावे.

शरीराप्रमाणे घराचीही तपासणी करावी लागते. ही तपासणी करण्याची उत्तम रीत अशी की, वृद्ध माणूस दिवसभर ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने आपण हळूहळू चालत जावे. अंथरुणापासून शौचकूपापर्यंतची वाट तर रात्रीच्या वेळी अवश्य पाहावी. उजेड पुरतो का? दिव्याचे बटण किंवा विजेरी अंथरुणावरून हाताला लागते का? उंबरठा अंधारात दिसतो का? पायरीची कड ओळखू यावी म्हणून तिच्यावर पांढरा किंवा पिवळा पट्टा ओढता येईल का? मोरीत पाणी साचून शेवाळ धरते का? सतरंजीच्या कडा वर आलेल्या आहेत का? फोनला लावलेली तार वाटेत लोंबते आहे का? आजींना रोज लागणारा डबा उंच फळीवर ठेवलेला आहे का आणि तो काढण्यासाठी त्या स्टुलावर चढतात का?

घराघराप्रमाणे धोके निराळे असतात. कोकणात पावसाळ्यात अंगण व पायऱ्या निसरड्या होतात. मुंबईच्या जुन्या चाळींत लाकडी जिने उभे आणि अंधारे असतात आणि शौचकूप पुष्कळदा सज्जाच्या टोकाला असतो. नव्या घरांतील गुळगुळीत फरशी दिसावयास सुंदर, पण चार थेंब पाणी सांडले की तीवर तरुणाचाही पाय सरकतो. न्हाणीघर ही तर सर्वत्रच जपण्याची जागा. तेथे तोल जाऊ लागला की माणूस हाताला येईल ते धरतो. टॉवेल टांगण्याचा नाजूक दांडा माणसाचे ओझे पेलू शकत नाही. तो उखडून हातात येतो. म्हणून भिंतीत पक्का बसविलेला आधाराचा दांडा हवा. खाली पाय न घसरणारी रबरी चटई असावी आणि स्नानासाठी स्थिर बैठक असावी.

काही गोष्टी लहान दिसतात, पण मोठे काम करतात. काठी योग्य उंचीची असावी लागते. चपला घालून, हात सरळ सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटापाशी यावी. एक पाय दुखरा असेल, तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी. काठीच्या टोकाचे रबर झिजले की ते बदलावे. दुखऱ्या पायाने जिना चढताना प्रथम चांगला पाय वर टाकावा आणि उतरताना प्रथम दुखरा पाय खाली टाकावा. जवळचे व दूरचे असे दोन्ही दाखविणाऱ्या चश्म्याच्या खालच्या भागातून पायरी अस्पष्ट दिसते. म्हणून जिना उतरताना मान थोडी अधिक वाकवून पाहावे. झोपेतून उठल्यावर खाटेच्या कडेवर थोडा वेळ बसावे आणि मगच उभे राहावे. औषधांमुळे भोवळ येत असेल, तर ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

इतके करूनही कोणी पडलेच, तर घाबरून जाऊन त्यांस एकदम ओढून उठवू नये. आधी शेजारी बसावे, शांतपणे बोलावे आणि कोठे दुखते ते विचारावे. खुब्यात तीव्र वेदना होत असतील, एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा माणूस नीट बोलत नसेल, तर त्यांना न हलविता अंगावर पांघरूण घालावे, मोठ्या माणसांना हाक मारावी आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काहीच दुखत नसेल, तर त्यांना प्रथम कुशीवर वळू द्यावे, मग हात व गुडघे टेकू द्यावे. भक्कम खुर्ची जवळ आणून ठेवावी. तिच्यावर हात टेकून, एक पाऊल पुढे घेऊन ते सावकाश उठतात. दुखत नसले, तरीही पडल्याची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. कारण एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याचा संभव अधिक असतो.

परंतु ही गोष्ट घरच्यांच्या कानांपर्यंत पुष्कळदा पोहोचतच नाही. वृद्ध माणसे आपले पडणे लपवितात. आपण मुलांवर ओझे होऊ, आपले बाहेर जाणे बंद होईल, असे भय त्यांस वाटत असते. अशा वेळी "सांगितले होते ना, उठू नका म्हणून!" असे कोणी रागावून बोलले, तर पुढच्या वेळी ती मुळीच काही सांगणार नाहीत. घरात त्यांचे ऐकून घेणारे कोणीतरी असावे लागते, आणि हे काम नातवंडांना फार चांगले साधते. "आजी, तू कशी गं पडलीस?" असे नातीने गळ्यात हात टाकून विचारले, तर आजी मोकळेपणाने सांगते. "आजोबा, चला, आपण मारुतीच्या देवळापर्यंत फिरून येऊ," असे नातवाने म्हटले, तर आजोबा काठी घेऊन उठतात. त्यांना हाताला धरून ओढावयाचे नसते. त्यांच्या चालीने, त्यांच्या शेजारून चालावयाचे असते.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपल्याकडे म्हण आहे. पुढे चालणाऱ्याला ठेच लागली की मागून येणारा तो दगड चुकवून जातो. परंतु घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. दगड चुकवून पुढे जाणाऱ्याने आपलेच पाऊल वाचविलेले असते. खरा शहाणा तो, जो खाली वाकून तो दगड वाटेतून उचलून बाजूला ठेवतो. त्या वाटेने आजोबांना उद्याही जावयाचे असते.

शब्दार्थ

व्याप्ती – विस्तार. हेर – गुप्तपणे बातमी आणणारा. अहोरात्र – रात्रंदिवस. प्रचीती – प्रत्यक्ष अनुभव. क्षीण – दुबळे. संवेदना – स्पर्श, वेदना इत्यादींची जाणीव. खुबा – मांडीचे हाड कमरेला जोडले जाते तो सांधा. दुष्टचक्र – एका वाईट गोष्टीतून दुसरी व दुसरीतून पुन्हा पहिली निर्माण होण्याचा क्रम. परस – घरामागील मोकळी जागा. परडी – फुले ठेवण्याची लहान टोपली. कठडा – आधारासाठी बांधलेले कुंपण. सज्जा – घराबाहेर काढलेली अरुंद गच्ची.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मेंदूकडे बातम्या पाठविणारे तीन हेर कोणते?
(आ) वृद्ध माणसाचे हाड लवकर का मोडते?
(इ) काठीची योग्य उंची कशी ओळखावी?
(ई) वृद्ध माणसे आपले पडणे का लपवितात?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'आजोबांचे वय कोणी कमी करू शकत नाही. पण वाटेतील दप्तर कोणीही उचलू शकतो.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
(आ) घरच्यांच्या प्रेमामुळेच कोकणातील आजी दुबळ्या कशा झाल्या?
(इ) ड्यूनेडिन येथील प्रयोगात दुसऱ्या गटातील स्त्रियांकडेही माणसे का पाठविली असतील? विचार करून लिहा.

३. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
काळजात धस्स होणे, सुस्कारा टाकणे, तोल सावरणे, प्रचीती घेणे, कानावर घालणे.

४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
आरंभ, लवचीक, अंधार, भक्कम, निसरडा.

५. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या म्हणीचा नेहमीचा अर्थ आणि पाठाच्या शेवटी सांगितलेला विचार यांतील फरक सांगा.

६. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीची परवानगी घेऊन, अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतच्या त्यांच्या वाटेची पाहणी करा. आढळलेले धोके एका बाजूस व त्यांवरील उपाय दुसऱ्या बाजूस लिहा. त्यांतील कोणता धोका आजच दूर करता येईल, ते मोठ्या माणसांशी बोलून ठरवा.